माकडांवरचा आळ

आमच्या वस्तीवर नेट आलं, तेव्हा ते कायम चालू राहील असं फक्त अण्णांनाच वाटलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेली तेव्हा मी पुण्याहून घरी आले आणि दिवसकार्य उरकल्यावर त्यांना एकटं टाकून परत जायला माझा पायच निघेना. घरून काम करते, असं ऑफिसला कळवलं. साहेब हो म्हणाले, पण ग्राहकांशी बोलताना कॉल तुटता कामा नये, तुटायला लागले तर मुकाट्यानं पुण्यात येऊन बसायचं, अशी अट घातली. जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "मंग नेट घिऊ की. त्यात काय यवढं!"

येडशीच्या पुढं, रामलिंगच्या जंगलाच्या कडेला आमची वस्ती. रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत वायर आणायची तर मध्ये आमचं तुरीचं रान, एक लिंबाचं झाड आणि शेळ्यांचा गोठा. नेट जोडायला आलेला माणूस बोलघेवडा होता. वायर ओढून झाल्यावर बरीच उरली, तेव्हा त्यानं तिची मोठी सैल वेटोळी केली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "जादाची राहू द्या काका, पुढं कामाला येती," असं म्हणून तो गेला. घरातल्या नेटच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. अण्णांनी त्याला हात जोडले नाहीत, एवढंच.

थोडे दिवस सुखाचे गेले. मग नेटची चाल बिघडली. ग्राहकाचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजायचा आणि माझं वाक्य अर्धं त्याच्याकडं, अर्धं माझ्याकडं राहायचं. मध्येच डब्यावर लाल दिवा लुकलुकायचा. मी डबा बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, ज्वारीच्या कोठीवर ठेवला, एकदा तर त्याला चापट मारली. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात हे. नेटवाल्याला फोन केला की तो गाडीवरून यायचा, वायर चाचपायचा, सरळ करायचा आणि निकाल द्यायचा, "माकडं हो ताई! रामलिंगची माकडं. वायरीला झोके खेळत्यात."

तो असेपर्यंत नेट झकास चालायचं. तो गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. पण माकडांवर अविश्वास दाखवायचं आमच्या भागात काही कारणच नाही. हरभरा गेला, माकडं. कौल फुटलं, माकडं. वाळत घातलेल्या कुरडया गेल्या, तरी माकडंच. मीही डोळे झाकून मान हलवली.

अण्णांनी मग लढाईच पुकारली. गोफण घेऊन ते लिंबाखाली बसायचे. मी आत गोड आवाजात इंग्रजी झाडत असायचे आणि बाहेरून आरोळी यायची, "हाऽऽड! तुमच्या मायला, पोरीचं काम चालू हाय हितं!" ग्राहक विचारायचे, काय झालं? शेजारी बांधकाम चालू आहे, असं मी बेधडक सांगायचे. बोलणं लांबलं की अण्णा पावलं न वाजवता खिडकीशी येऊन चहाचा कप आत सरकवायचे आणि परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडावं तसे चवड्यांवर निघून जायचे. माझ्या कॉलमध्ये ओरडू नयेत म्हणून शेळ्यासुद्धा त्यांनी लांब बांधावर नेऊन बांधल्या होत्या. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस आहेत असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आज ते दिवस आठवले की जीव कासावीस होतो.

शेवटी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. आता एक जरी तक्रार आली तरी सामान बांधायचं. अण्णांना सांगितलं तर ते उठून अंगणात गेले आणि वायरीकडं बघत उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी भर बोलण्यात कॉल तुटला. मी कानावरचा हेडफोन आपटला आणि माकडांना बघून घ्यायला बाहेर आले. बाहेर माकड नव्हतं. शिडीवर अण्णा होते.

इथं अण्णांची एक खोड सांगायला हवी. त्यांना लोंबतं काही बघवत नाही. दावं असो, कासरा असो, वापरून झाला की गच्च गुंडाळून, गाठ मारून खुंटीला. ते बांधतात तो कडब्याचा भारा गाडीवरून खाली पडला तरी सुटत नाही. सैल दोरी म्हणजे घरधन्याचा आळस, असं त्यांचं मत. नेटवाल्यानं सोडलेली ती ऐसपैस वेटोळी त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. तो गेला की ते ती मुठीएवढी गुंडाळायचे आणि वर ओल्या सुतळीनं आवळायचे. नेटवाला येऊन ती सुतळी सोडायचा, पण बांधतं कोण हे त्यानं कधी विचारलं नाही. लिंबाच्या फांदीलाही एक आवळण, गोठ्याच्या मेढीलाही एक. नेट जितकं जास्त जायचं, तितकी ते सुतळी जास्त ओढायचे.

"अण्णा! काय करताय?"

"आवळतोय. ढिली दिसली की माकडं झोंबत्यात. दरयेळी म्याच आवळतोय, म्हणून तर यवढी टिकली."

मी आधी किंचाळले, मग ओट्यावर बसून पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर त्यांना सांगितलं, की या वायरीत केसाएवढी काच असते, तिच्यातून उजेड येतो आणि उजेडातून नेट. इतकी मुडपली की उजेड पोचतच नाही.

अण्णांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "काच? आन् म्या सुतळीनं आवळतोय! मला आधी का न्हाय सांगितलं कुणी?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आत त्यांनी एकूण एक गाठ सोडली. मग माळ्यावरून सायकलची जुनी रिंग काढली, भिंतीला ठोकली आणि तिच्याभोवती वायर इतक्या हलक्या हातानं फिरवली की जणू बाळंतिणीची कूसच बदलतायत. नेटवाल्यानं ती रिंग पाहिली आणि "भारी काम केलंत काका!" म्हणत फोटो काढला. माकडं निर्दोष सुटली. त्यांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

त्यानंतर नेट एकदाही अडलं नाही. तुरी निघाल्या, उन्हाळा आला, मी घरीच होते. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला डब्यावरचा हिरवा दिवा दाखवायचे.

आणि मग ऑफिसचा मेल आला. घरून काम बंद, सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. त्याचा नेटशी काडीचा संबंध नव्हता. अण्णा गोठ्यात शेळीची धार काढत होते, तिथंच मी सांगितलं.

"नेट बंद पडलं का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही अण्णा. नेट चांगलं चालू आहे."

"मंग?"

मी आत जाऊन बॅग भरायला घेतली.

आता रोज संध्याकाळी मी पुण्यातून व्हिडिओ कॉल करते. अण्णा आईचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर बसतात. चित्र इतकं स्वच्छ येतं की त्यांच्या सदऱ्याचं निघालेलं बटणसुद्धा दिसतं. "जेवलात का?" मी विचारते. "व्हय, कवाच," ते म्हणतात. त्यांच्या पाठीमागं चूल दिसते, आणि ती सकाळपासून पेटलेली नाही हेही दिसतं.

परवा मला ते सहन होईना. "आवाज येत नाहीये अण्णा, नेट अडकतंय," असं खोटंच म्हणून मी फोन बंद केला आणि मनसोक्त रडून घेतलं. तोंड धुऊन आले, तर फोन वाजत होता. पडद्यावर अण्णा, धापा टाकत, हातात बॅटरी, धोतराला कुसळं चिकटलेली.

"खांबापसनं घरापोतूर चालत बघून आलो," ते म्हणाले. "वायर कुठं बी दबली न्हाय. आता बोल."