गच्चीवरचं भूमिपूजन

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत खोटा मुहूर्त न देणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो आमच्या गल्लीत राहतो याला भाग्य म्हणावं की भोग, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. गुरुजी मूळचे हिवरखेडचे. मंत्र म्हणताना ह्रस्वदीर्घाची चूक सापडायची नाही, पण मंत्र संपला की तोंडातून थेट तेल्हारा तालुका बोलायला लागतो. माझ्या मुलीच्या लग्नाला आम्हाला रविवार हवा होता. दुसरे एखादे गुरुजी काहीतरी जुळवून देतात. आमच्या गुरुजींनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "रविवारी मुहूर्त नाही. हॉल तुमचा असंन, पंचांग माह्या बापाचं नाही." लग्न बुधवारी लागलं. रजा न मिळालेले निम्मे पाहुणे अजून भेटले की मला त्यावरून ऐकवतात.

त्यांची दुसरी खोड संकल्पाची. पूजेच्या सुरुवातीला यजमान तळहातावर पाणी घेतो, ही पूजा मी कशासाठी करतो आहे ते म्हणतो आणि पाणी ताम्हणात सोडतो. बाकीच्यांकडे हा प्रकार संस्कृतात अर्ध्या मिनिटात उरकतो. आमचे गुरुजी संस्कृत झालं की तेच पुन्हा सरळ बोलीत म्हणायला लावतात, आणि स्वतःला पटेपर्यंत पाणी सोडू देत नाहीत. माझ्या वकिलीच्या ऑफिसच्या पूजेत मी मोठ्या आवाजात म्हणालो, सर्व दाव्यांत यश मिळावं म्हणून. गुरुजींनी पळी खाली ठेवली. "सगळ्याच दाव्यायत? खोट्याबी?" समोर पक्षकार बसलेले. अखेर 'खऱ्या दाव्यांत' यावर तडजोड झाली, आणि एक पक्षकार प्रसाद न घेताच उठून गेला.

यावरून गुरुजी जुनाट असतील असं कोणी समजू नये. गल्लीत फोनवर सर्वांत जास्त बोलणारा माणूस तोच. अमेरिकेतल्या एका जोडप्याचा सत्यनारायण त्यांनी व्हिडिओवर यथासांग केला आणि त्यांच्या वाटचा शिराही कर्तव्य म्हणून स्वतः खाल्ला. आमच्या गल्लीत रेंज बेताची. आरतीच्या मध्येच आवाज तुटायचा आणि गुरुजी निरांजन हातात घेऊन अंगणभर फिरायचे. त्यामुळे कोपऱ्यावरच्या अण्णाजींच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसणार असं कळलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद व्हायला हवा होता तो गुरुजींना. पण आम्ही जमून विरोधाचा कागद काढला, त्यावर पहिली सही त्यांची. मी किरणांबद्दल बोलायला लागलो तर म्हणाले, "किरणायचं मले काही समजत नाही, वकीलसाहेब. डोक्यावर एवढं लोखंड ठेवून राह्यले, तं खालच्यायले विचारलं कावून नाही, एवढंच."

अण्णाजी रिटायर होऊन घरी बसलेले, बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. भाड्याच्या लोभानं त्यांनी गच्ची दिली असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. मी कलमांनी भरलेली नोटीस पाठवली. तिचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. लोखंड येऊन गच्चीवर पडलंसुद्धा. मात्र नारळ फोडल्याशिवाय पहिला बोल्ट आवळायचा नाही अशी ठेकेदाराची पद्धत होती, आणि अण्णाजींचे पिढीजात उपाध्याय आमचे गुरुजी. अण्णाजी मुहूर्त विचारायला आले तेव्हा आख्खी गल्ली खूश झाली. चार महिने मुहूर्तच नाही म्हणायचं, एवढंच गुरुजींना करायचं होतं. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "गुरुवारी सकाळी उत्तम मुहूर्त हाये."

मी त्यांना तोंडावर फितूर म्हणालो. पुढचे चार दिवस गल्लीत कोणी त्यांच्याशी बोललं नाही. त्यांच्या अंगणात फुलं टाकणारी मावशीसुद्धा पुडी फाटकालाच अडकवून जायची. गुरुजी आपले रोज सगळ्यांना नमस्कार करत जात होते.

गुरुवारी आम्ही सगळे आपापल्या गच्चीवर उभे. "भूमिपूजन हाये, तं भूमी कुठं हाये?" असं गुरुजींनी ठेकेदाराला गंभीरपणे विचारलं, आणि मूठभर माती मागवून तिच्यावर कलश ठेवला. संस्कृत संकल्प झाला. मग त्यांनी अण्णाजींच्या तळहातावर पाणी घातलं. "आता माह्यामागं म्हणा, अण्णाजी. मी ह्या गच्चीवर टॉवर उभा करून राह्यलो." अण्णाजींनी तेवढं म्हटलं. गुरुजी पुढे म्हणाले, "बाजूच्या घरात वकीलसाहेब राह्यतात, त्यायले मी विचारलं." अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. गुरुजींनी पुढचं घर घेतलं. "समोरच्या घरात सून पोटुशी हाये, तिले मी विचारलं." अण्णाजींची नजर समोरच्या गच्चीवर गेली. "मांगच्या घरातल्या म्हातारीची खाट ह्याच गच्चीच्या सावलीत असते, तिले मी विचारलं." बोटांच्या फटीतून पाणी मांडीवर गळून हात कोरडा झाला. गुरुजींनी पळीनं पुन्हा पाणी घातलं. "सावकाश म्हणा. मुहूर्त दुपारपावतर हाये." असं त्यांनी तीन वेळा पाणी घातलं. आवाज चढवला नाही, टोमणा नाही. न्यायालयात मी पुष्कळ उलटतपासण्या पाहिल्या आहेत, अशी पाहिलेली नाही. चौथ्या वेळी अण्णाजींनी हात धोतराला पुसला आणि उठले. ताम्हणात थेंब पडला नाही. गुरुजी ठेकेदाराला म्हणाले, "नारळ फोडू नोका, दुकानदार वापस घेईन."

टॉवर गावाबाहेर गेला. गल्लीनं पेढे वाटले आणि मी फितूर शब्द परत घेऊन गुरुजींचे पाय धरले. त्यांनी पेढा काही घेतला नाही. त्या रविवारी संध्याकाळी ते अण्णाजींच्या फाटकाशी दिसले, आणि दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानाकडे गेले. कुतूहलानं मीही मागे गेलो. तिथे रेंज चांगली मिळते. अण्णाजींचा हात कापतो, त्यामुळे फोन गुरुजींनी धरला होता, उंच, आणि तोंड दुसरीकडे फिरवलेलं. फोनवर हैदराबादचा पाच वर्षांचा नातू होता. घरी त्याचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज जायचा आणि पोरगं कंटाळून उठून जायचं. टॉवर त्याच्यासाठी हवा होता.

परत येताना गुरुजी मला म्हणाले, "त्यायनं कोणाले विचारलं नाही, हे खरं. पण टॉवर कावून पाह्यजे, हे त्यायले तरी कोणं विचारलं? मीबी नाही विचारलं, वकीलसाहेब." मी तर अण्णाजींच्या भिंतीला भिंत लावून अकरा वर्षं राहतो आहे. मला खाली बघत चालावं लागलं.

आता लग्नसराईत गुरुजी बाहेरगावी असले की रविवारी फोन धरायला मी जातो. नातू विचारतो, आज गुरुजी आजोबा कावून नाही आले? पाच मिनिटांत माझ्या खांद्याला रग लागते, मी हात बदलतो, आणि चित्र हललं की पोरगं ओरडतं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पाऊण पाऊण तास हात न हलवता कसा उभा राहतो, मला खरंच कळत नाही.