तीन उलटे व्हॉल्व्ह

सिस्टरला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण गल्लीत तिला अजून सगळे सिस्टरच म्हणतात, आणि तीही अख्ख्या गल्लीला आपला वॉर्ड समजते. कोणाचा रक्तदाब किती, कोण गोळ्या चुकवतो, कोणाची सून कोणाशी बोलत नाही, सगळं तोंडपाठ. धडधाकट माणूस रिकामा बसलेला दिसला की तिचं डोकं फिरतं.

म्हणून तिने वाचनालयामागची अडगळीची खोली मागून घेतली. मागून घेतली म्हणजे काय, ग्रंथपालाच्या हात धुऊन मागे लागली, शेवटी त्याने वैतागून किल्ली हातावर ठेवली. दर शनिवारी सकाळी तिथे निवृत्त माणसं एकेक टेबल मांडून बसतात आणि ज्याला जे हवं ते शिकवतात. शिंपीकाका काजं करायला शिकवतात. पोस्टातले मास्तर अर्ज भरायला शिकवतात आणि जाता जाता समोरच्याच्या अक्षराला नावं ठेवतात. घड्याळवाल्या आजोबांकडे तर नंबर लावावा लागतो. सगळे आले. आला नाही तो एकच, सिस्टरचा सख्खा मोठा भाऊ.

दादा पाणीखात्यात चौतीस वर्षं चावीवाला होता. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या चावीने उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. गेल्या वर्षी वहिनी गेल्यावर सिस्टरने त्याला आपल्या घरी आणलं. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. आधी फिरायला जाणं सुटलं, मग पेपर, मग दाढी. ताटातलं अर्धं अन्न तसंच. विचारलं तर म्हणायचा, "मला काय येतं? चावी फिरवायला. ती फिरवून झाली."

अशी माणसं सिस्टरने वॉर्डात पाहिली होती. रिपोर्ट सगळे चांगले, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. दाढी सुटली की ती डॉक्टरांच्या आधी ओळखायची. त्यातले फार थोडे घरी गेले. माझा भाऊ असा जाणार नाही, हे तिने ठरवलं, आणि सिस्टरने ठरवलं म्हणजे ठरलं.

पण पहिल्याच झटक्यात तिने घोळ घातला. दादाचं चक्क भाषण ठेवलं! फळ्यावर मोठ्या अक्षरात 'शहराचा पाणीपुरवठा' लिहिलं, माईक आणला, पंचवीस माणसं गोळा केली. दादा उभा राहिला. समोरचा ग्लास उचलून सगळं पाणी प्यायला. "पाणी पाइपातून येतं," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. घरी आल्यावर त्याने खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे वळवली.

सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन रडली, नाक पुसलं आणि स्वतःलाच झापलं. अगं शहाणे, तू जन्मात एक तरी नर्स फळ्यासमोर घडवलीस का? खाटेशी उभं करायचं, हात धरायचा आणि नस शोधायला लावायची. मग माईक कशाला आणलास?

बुधवारी ती पाणीखात्यात जाऊन धडकली. तिथली इंजिनीअर तरुण होती, कामाने पिचलेली, पण नम्र. "तुमचा उपक्रम छानच आहे, सिस्टर. पण आमचे नकाशे सगळे कॉम्प्युटरवर आहेत."

"असू देत की. मग आमच्या गल्लीत तीन आठवडे करंगळीएवढी धार का येते, तेही कॉम्प्युटरला विचार."

इंजिनीअरने तिला खुर्ची दिली. मग खरं बोलली. लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय, तरी पाणी पुढे जात नाही. पाइप कुजला असणार. सोमवारी रस्ता खोदायचा.

"खोद. पण आधी नकाशा घेऊन माझ्या घरी चहाला ये," सिस्टर म्हणाली. रोगी उपचारांकडे येत नसेल तर उपचार खाटेपाशी न्यायचे.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. सिस्टरने दादाला हाक मारली नाही. उलट इंजिनीअरला म्हणाली, "जरा मोठ्याने वाच गं, मला कमी ऐकू येतं." तिला शेजारच्या घरातली कुजबुजही ऐकू येते, पण ते असो.

"लॉन्ड्रीचा कोपरा. सहा इंची," इंजिनीअर वाचू लागली. "आमच्या माणसाने डावीकडे शेवटपर्यंत फिरवलाय. म्हणजे पूर्ण उघडा."

"म्हणजे बंद," भिंतीकडून आवाज आला.

दोघी वळल्या. दादाने मानही हलवली नव्हती. "बाकीचे डावीकडे उघडतात, तो डावीकडे मिटतो. उलटा आहे. आतली झडप नीट बसली नाही म्हणून धार तरी येते."

"पण काका, नकाशात तसं काहीच नाही!"

"नसणारच. मी लिहिलंच नाही."

आता सिस्टरचा पारा चढला. "दादा! तीन आठवडे बादल्या वाहून माझं कंबरडं मोडलं, आणि तू नुसता बघत बसलास?"

"कोणी कुठला फिरवला, मला काय ठाऊक? मला कोणी विचारलं?" मग त्याचा आवाज खाली आला. "असे तीन आहेत. मीच बसवलेले. साहेब म्हणाले, नोंद कर. करतो म्हटलं, केली नाही. काही अडलं की खात्याची गाडी माझ्या दारात यायची, साहेब स्वतः उतरायचे. तुझी वहिनी बघत उभी असायची. मला ते आवडायचं गं. वाटलं, निवृत्त झालो तरी गाडी येईल. सहा वर्षं झाली, एकदाही आली नाही."

तो खिडकीत बसून कशाची वाट बघत होता, ते सिस्टरला आत्ता कळलं. राग होता तसाच होता, तरी तिने त्याचा चहा त्याच्या हातात नेऊन दिला.

इंजिनीअर उठली. "काका, गाडी खाली उभी आहे."

लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर दादाने झाकण काढायला लावलं, चावी खाली सोडली आणि स्वतः मागे सरला. "तू फिरव. उजवीकडे. जोर नको लावूस. आता दांड्याला कान लाव."

इंजिनीअरने भर रस्त्यात गुडघे टेकले. "घरघर येतेय, काका."

"ती जाऊन सळसळ सुरू झाली की थांब." थोड्या वेळाने ती हसली, आणि कान न लावताच दादाला कळलं, पाणी सुटलं.

घरी परतल्यावर इंजिनीअरने लाल पेन पुढे केलं. दादाने लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर 'उलटा' असं लिहिलं. शाळेमागच्या वळणावर लिहिलं. मग पेन धरून नुसताच बसून राहिला.

"तिसरा?" इंजिनीअरने विचारलं.

सिस्टरला लख्ख दिसलं, हा दिला की त्याच्याकडे काही उरत नाही, आणि ठेवला तर गाडी पुन्हा येईल. क्षणभर तिलाही वाटलं, राहू दे त्याच्याजवळ एक. पण मग तो पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसेल.

"लिही, दादा," ती म्हणाली. "गाडीची वाट बघून बघून तू अर्धा झालास. शनिवारची खोली इथून पायी दहा मिनिटांवर आहे."

"आणि माझ्या टेबलाशी कोणी आलंच नाही तर?"

"मी येईन," इंजिनीअर म्हणाली. "माझे चारही चावीवाले घेऊन येईन. कान लावायला त्यांना कोणी शिकवलेलंच नाही."

दादाने नकाशा जवळ ओढला. मग दवाखान्यासमोरच्या चौकात त्याने तिसऱ्यांदा लिहिलं आणि पेनाला टोपण लावून परत दिलं.

शनिवारी सकाळी सिस्टर खोलीची किल्ली शोधत होती, तेव्हा मोरीतून पाण्याचा मोठा आवाज आला. दार उघडंच होतं. दादा गालांना साबण फासून आरशासमोर उभा होता, नळ पूर्ण सोडलेला. तीन आठवडे बादल्या वाहिलेली बाई ती, एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. ती दाराला टेकून उभी राहिली आणि तिने नळ वाहू दिला.