डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं होतं

"मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी ते आम्हाला समजेल असं सांगितलं. मन एखाद्या वेळी इतकं चढतं की झोप लागत नाही, भूक लागत नाही, बोलणं थांबत नाही. पुढं कधी तरी ते इतकं बसतं की पाण्याचा पेला उचलवत नाही. दोन्ही मिळून एकच आजार. मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा असतो, म्हणून घरच्यांना उमगत नाही.

माझा धाकटा भाऊ सुखदेव तेव्हा भिलाईच्या इस्पितळात होता, मांडीचं हाड मोडून. तो पाय वजन बांधून टांगून ठेवला होता. त्याला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून नागपूरच्या ह्या मनोविकारांच्या डॉक्टरांकडे मी आणि माझी बायको कौसल्या दोघंच गेलो होतो.

"पण हे मला दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. समोरच्या जुन्या कागदावर बोट ठेवलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तीन वेळा."

विचारलं होतं. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो होतो.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि ही गोष्ट तर सुखदेवशिवाय कुणाकडेच बोललो नाही. पण असा आजार कुणाच्याही घरात येऊ शकतो. तुमच्या घरात आला आणि डॉक्टरांनी तुम्हाला तोच प्रश्न विचारला, तर माझ्यासारखं करू नका, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आम्ही भंडाऱ्याकडचे. धम्मदीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि पुढच्या वर्षी दोघं भाऊ भिलाईला आलो. गाव सोडताना पाराजवळ बसलेला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला होता, "देव बुडवले नं, आता येडं लागून फिरान गल्लोगल्ली." आम्ही हसलो होतो. सुखदेव तर उलटून म्हणाला, "बाबा, येडं लागलंच तं पयले तुमच्याच घरी येऊन बसीन!"

रशियनांच्या मदतीनं उभा राहणारा तिथला पोलादाचा कारखाना तेव्हा कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होता. आम्ही दोघं खलाशी गँगमध्ये लागलो. खलाशी म्हणजे दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंडाचे अवजड भाग उंच चढवणारी माणसं. मी गँगचा मुकादम झालो. सुखदेवचे हात माझ्याहून चांगले होते. माकडासारखा चढायचा, पण बेल्ट लावल्याशिवाय कधी नाही.

पहिली भट्टी पेटवायचे दिवस जवळ आले तशी साऱ्या भिलाईची झोप उडाली. जो तो डबल ड्यूटी करत होता. त्यात एका माणसाची झोप खरोखरच उडाली आहे, हे कुणाच्या लक्षात यावं?

दोन पाळ्या करून सुखदेव घरी यायचा आणि लगेच बाहेर पडायचा. कामगारांच्या कॅम्पात आपल्या लोकांसाठी विहार बांधायचा, हे त्यानं एका सकाळी ठरवलं. दुपारपर्यंत जागा धरली होती. घरोघर फिरून विटा, पत्रे, बांबू, माणसं गोळा केली. बायका माती कालवायला आल्या, रेल्वेतली माणसं सुटी काढून आली. बावीस दिवसांत भिंती चढून वर पत्रे पडले. पहिल्या वंदनेला माणूस मावत नव्हता. लोक मला सांगत, "तुमचा भाऊ म्हंजे सोनं हाय." माझी छाती फुगायची. विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी लोकांनी मला केलं, ते त्याच्यामुळंच.

कौसल्येला मात्र ते पटत नव्हतं.

"भाऊजी, दोन घास तं खाऊन घ्या."

"वयनी, मले भूकच लागून नाही राहिली. कावून लागन? अंगातच भट्टी पेटली हाय माया! तिकडची पेटाच्या आदी माईच पेटली!"

ती हसली नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "अहो, हे बरं नाही दिसून राहिलं मले. सायकल देऊन टाकली त्यायनं कोणाले तरी. नाव बी मालूम नाही म्हणते. दुर्गपासून नागपूरपर्यंत हर ठेसनावर विहार बांधतो म्हणते. रशियन सायबाले गळ्यात हात घालून सांगून आले."

मी तिला गप्प केलं. "समाजाचं काम करून राहिला तं तुले खुपते का?" असं म्हणालो. हे माझेच शब्द आहेत, मला नीट आठवतात.

भट्टी पेटली. नंतरच्या थंडीत सुखदेव खाली बसला. आधी कामावर जाईना, मग आंघोळ करीना, मग भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेनाच. कौसल्या त्याला चमच्यानं पेज पाजायची. एकदा मी जवळ बसलो तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "दादा, माया हातानं सब्बन वाटोळं झालं." कशाचं, ते सांगेना.

गावाहून चुलता आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "मंग? पायलं नं? अजून बी देव घरात घे, पोरगं आपोआप उठते."

मी त्याला चहासुद्धा दिला नाही. पण त्याचं बोलणं मनात रुतून बसलं. सुखदेवला वेड लागलं असं एकदा ठरलं, की गाव काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. दीक्षा घेतली म्हणून लागलं, म्हणतील. आणि विहार? वेड्यानं बांधलेला विहार, म्हणतील.

कारखान्याच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. पॅसेंजरनं नेलं. ह्याच डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. सुखदेव मान खाली घालून, मध्ये कौसल्या, मी कडेला.

आत सुखदेव एक अक्षर बोलला नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "ह्याआधी कधी ह्याच्या उलट झालं होतं का? झोप नको, भूक नको, सारखा उत्साह?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. घरात आणखी कुणाला असं होतं का, ताप, डोक्याला मार, दारू, सगळं विचारलं. मग पुन्हा: "मोठमोठे बेत? वस्तू वाटून टाकणं? खूप बोलणं?"

"नाही साहेब. शांत मुलगा आहे."

कौसल्येनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिनं पदर ओढून घेतला.

उठताना दाराशी डॉक्टर पुन्हा म्हणाले, "नीट आठवा. उपचार त्यावर ठरतात."

"आठवलं साहेब. तसं काही नव्हतं."

मी खोटं बोलत होतो, हे मला तेव्हा कळत होतं. विहाराचं नाव आजारात ओढायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. आपण लोकांची अब्रू राखतो आहोत असं वाटत होतं. खरं तर त्यातली माझी किती आणि लोकांची किती, हे मी कधी तपासलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर फक्त डिप्रेशन लिहिलं, म्हणजे मनाचं खचणं. आधी शॉक दिले. ईसीटी म्हणतात त्याला. डोक्याला क्षणभर वीज लावतात, अंगाला झटके येतात. दाराबाहेर उभं राहून ऐकायला भयंकर वाटतं, पण सुखदेव पाचव्या शॉकनंतर स्वतःच्या हातानं जेवला, हे मी पाहिलं आहे. शॉकला उगाच भिऊ नका.

तो वर्षभर बरा होता, पुन्हा कामावर जाऊ लागला. नंतर परत खचायला लागला तेव्हा डॉक्टरांनी एक नवीन गोळी दिली, इमिप्रामाइन. खचलेलं मन उचलणारी. म्हणाले, "झोप कमी झाली तर ताबडतोब घेऊन या."

झोप कमी झाली. मी नेलं नाही. भाऊ पुन्हा हसायला लागला होता, कौसल्येची थट्टा करत होता, माझ्या गँगला रशियन शिव्या शिकवत होता. "जुना सुखदेव आला," असं मी म्हणायचो. कौसल्या रोज सकाळी विचारायची, "जायचं का नागपूरले?" मी म्हणायचो, पगार झाल्यावर जाऊ, पाळी बदलल्यावर जाऊ.

कारखान्यात तेव्हा वाढीव काम चालू होतं. एका सकाळी पाळी सुरू होताच ओरडा झाला. सुखदेव नवीन उभ्या केलेल्या खांबावर चढला होता. कमरेला बेल्ट नाही, हातात पंचशीलाचा झेंडा. खाली शंभरेक माणसं. काही टाळ्या वाजवत होती.

"दादा!" तो वरून ओरडला. "इथून नागपूर दिसून राहिलं! सब्बन ठेसनं दिसून राहिले!"

"खाली ये बाप्पा. हळू ये. मी दोर टाकतो."

"दोर कायले? मी का सामान हाय?"

माणसं हसली. मी शिडीच्या अर्ध्यावर होतो तेव्हा त्यानं झेंडा बांधायला दोन्ही हात सोडले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचला.

त्यानंतर आम्ही नागपूरला गेलो, ती सुरुवातीला सांगितलेली भेट. तिथं पोचूनही मी बोलणं घोळवतच होतो, अचानक झालं साहेब, असं म्हणत होतो. कौसल्येनं मला मध्येच तोडलं. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"अचानक नाही झालं. भट्टीच्या वक्ताले बी असंच झालं होतं. मी सांगते, लिहा तुमी."

आणि तिनं सांगितलं. झोप किती, जेवण किती, सायकल, रशियन साहेब, विहार, सगळं. महिन्यांसकट सांगितलं. डॉक्टर लिहीत होते. तिचं झाल्यावर त्यांनी आजाराचं नाव उच्चारलं. म्हणाले, "आधी चढून गेलेल्या माणसाला ही गोळी एकटी देत नाहीत. ती त्याला पुन्हा चढवू शकते. मला माहीत असतं तर मी दिली नसती." पुढं म्हणाले, "आणि दिलीच असती, तर दर आठवड्याला बोलावलं असतं."

गोळी बदलली. क्लोरप्रोमाझिन सुरू केलं, चढलेलं मन शांत करणारं. तोंड कोरडं पडायचं, हात जड व्हायचे, पण आठेक दिवसांत तो झोपू लागला. पाय मात्र दोन इंच आखूड राहिला. खलाशी गँगला तो पुन्हा कधी आला नाही. उंचीवर काम करणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथं तो नट-बोल्ट मोजून देतो.

डॉक्टरांशी मी खोटं बोललो, हे त्याला सांगायला मी सहा वर्षं लावली. एका रविवारी विहाराच्या पायरीवर बसलो असताना सांगितलं. लोक तुझ्या कामाला आजार म्हणतील अशी भीती होती, असंही सांगितलं.

तो आखूड पाय चोळत राहिला.

"डॉक्टरनं किती खेपा विचारलं?"

"तीन."

"तीन खेपा," तो म्हणाला. मग मागं वळून भिंतीकडे पाहिलं. "आजार होता तं होता. विटा तं खऱ्याच होत्या नं? पाऊस का आत येऊन राहिला? तुलेच लाज वाटली, दादा. मले नसती वाटली."

त्यानं मला माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना एवढंच सांगतो. डॉक्टरांसमोर घरातल्या चांगल्या दिवसांचीही नीट तपासणी होऊ द्या. ज्या दिवसांचा तुम्हाला अभिमान आहे तेच आधी सांगा. आणि घरात जिनं ताट वाढलं, उरलेलं पाहिलं, तिला बोलू द्या.

आम्ही अजूनही दर दोन महिन्यांनी नागपूरला जातो. आता नाव पुकारलं की सुखदेव आणि कौसल्या आत जातात. मी बाकावर बसतो. दार लोटलेलं असतं. आतून तिचा आवाज येतो, न अडखळता, मध्येच सुखदेवचं हसणं, डॉक्टरांचा एखादा प्रश्न. शब्द कळत नाहीत. मी कान देऊन ऐकत नाही. तिचे आभार मी आजवर तोंडानं मानलेले नाहीत. दुसऱ्या कुणाला देण्याआधी हा कागद तिला वाचून दाखवीन.