पुऱ्या बाह्यांचा शर्ट

माझ्या सगुणाकाकूवर अन्याय झाला तो त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. मी गाव सोडलं तो हाच दिवस. माढ्याहून सोलापूरला निघालेली एस.टी. खडी फोडायच्या दुष्काळी कामापाशी थांबली आणि खिडकीतून मला दिसलं: मुकादम माझ्या चुलतीला शर्ट काढायला लावत होता. काकांचा जुना, पुऱ्या बाह्यांचा. आमच्याकडं उन्हात बाया असा शर्ट लुगड्यावरून घालतात आणि तोंडाला पदर गुंडाळतात.

"तोंड झाकलं तर हजेरी न्हाय. बाप्याचा शर्टबी नगं," तो छपरात बसून म्हणाला. त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल होता. "एकीच्या नावावर दुसरीच येती."

"मग खडी बघून वळख की," काकू म्हणाली. "तोंड काय सोयरिकीला दावायचंय व्हय?"

बाया हसल्या. हजेरी मात्र मिळेना, म्हणून तिनं शर्ट काढला. गाडी सुटली. खरं सांगायचं तर मुकादम सगळंच खोटं बोलत नव्हता. काकूला ताप होता तेव्हा माझी आई तिच्या नावावर कामाला गेली होती.

सोलापुरात मी महिला मंडळाची पत्रकं वाटते. घरमालकिणीची मुलगी कॉलेजला जाताना छत्री घेते, हातमोजे घालते, वर क्रीम लावते. तिच्या झाकून घेण्याला सगळे शहाणपण म्हणतात. मी मेडिकलवाल्याला विचारलं, हे क्रीम उन्हासाठी का गोरेपणासाठी? "ताई, एकच की," तो म्हणाला. एकच कसं, ते मला अजून कळलेलं नाही. तरी ट्यूब घेऊन गावी गेले.

काकू ती कोपरापर्यंत चोपडून कामावर गेली. संध्याकाळी खडीची सगळी भुकटी हातांना चिकटलेली. "पिठात घोळलंस मला," ती म्हणाली, "आता तेलात सोड." धुतल्यावर खालची कातडी सोललेली दिसली. त्यावर तिनं लोणी लावलं आणि भाकरी थापायला बसली.

रात्री मी आमचं पत्रक वाचून दाखवलं: 'पदर ही बेडी आहे, फेकून द्या.' काकू ऐकत राहिली. "तुज्या कागदानं अन् मुकादमानं एकच सांगितलं की गं," ती म्हणाली.

मी चिडले. म्हटलं, मग घरात, सावलीत, आजोबांपुढं पदर कशाला ओढतेस? तिथं कुठलं ऊन? ती हसली आणि तिनं पदर सारखा केला.

तेव्हापासून माझा गोंधळ मिटलेला नाही. तोच पदर एका उंबऱ्याच्या आत जाच आणि बाहेर सावली. मंडळात बोलले तर म्हणतात, गावाकडचं डोक्यातून काढ. गावात म्हणतात, शहराचं वारं लागलं. घर कुठलं विचाराल तर मी आता ना इथलं नाव सांगू शकते, ना तिथलं. ऊन तापलं की सावलीत उभी असूनही माझे हात चुरचुरतात, तेवढं घर माझ्याकडं उरलं आहे.

पण एवढं मला स्वच्छ कळतं: झाकायचं का उघडं राहायचं, हे जिची कातडी तिनं ठरवायचं. यंदा पुन्हा खडीचं काम निघालं आहे. बायांनो, हजेरीपुरतं तोंड दाखवा आणि लगेच झाका. शेजारणीला कुणी शर्ट काढायला लावला, तर तुम्ही सगळ्यांनी तिथंच हातोडे खाली ठेवा.