मोशीचा डोंगर

अहमदी म्हणे टेकडीवर वसलंय! नवऱ्याची नोकरी मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत, म्हणून आम्ही अहमदीत राहायचो. बाबा गेल्यावर आईला मी कुवेतला घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं तिला ही टेकडी कौतुकानं सांगितली, तर आई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

कारण आईचं तरुणपण गेलं टांझानियात, मोशीला. बाबा तिथे रेल्वेत कारकून होते आणि दारातून किलिमांजारो दिसायचा. विषुववृत्ताजवळचा देश, आणि माथ्यावर बारा महिने बर्फ! दिवसभर तो ढगांत दडून बसायचा, दर्शन द्यायचा ते उजाडताना, नाहीतर संध्याकाळी. तेव्हा लागलेली सवय सुटली नाही. अहमदीतही आई रोज उजाडायला अंगणात उभी असायची आणि मी तिथेच तिला चहा नेऊन द्यायचे. समोर काय, तर सपाट वाळू आणि लांबवर रिफायनरीच्या ज्वाळा.

“एकदा तेवढा दाखवून आण गं मला,” एवढंच तिचं मागणं. माझाही जन्म तिथलाच, पण मी दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याला आलो, मला काडीचं आठवत नाही. दर सुट्टीला नवरा म्हणायचा, “पुढच्या वर्षी नक्की.” मग कधी दिरांचं लग्न, कधी नणंदेचं बाळंतपण, कधी पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा. सहा वर्षं! आणि मीही मूग गिळून बसले, त्याचा राग आजही येतो.

शेवटी एका जुलैत गेलो. तेही तीनच दिवस, बाकीची सुट्टी पुण्याची. आई बाजारात केळी विकणाऱ्या बायकांशी मोडक्या स्वाहिलीत गप्पा मारत बसली. पोरीबाळी तिला ‘शिकामू’ म्हणत होत्या, वडीलधाऱ्यांना तिथे तसाच मान देतात. उतारावरच्या केळीच्या बागा, त्यांच्या सावलीतली कॉफी, डोंगरावरून आणलेलं पाटाचं पाणी, सगळं तिनं मला हाताला धरून दाखवलं. डोंगर तेवढा नाही. तिन्ही दिवस पहाटे आणि संध्याकाळी आम्ही शाली गुंडाळून उभ्या, आणि समोर राखाडी ढग. तिसऱ्या दिवशी मी त्या ढगांना मोठ्यानं शिव्या घातल्या.

परतीचं विमान ढगांच्या वर गेलं आणि माझ्या खिडकीत तो आला. पांढराशुभ्र माथा, अगदी हाताशी!

“आई, ये, इकडे बस, दिसतोय!” मी पट्टा सोडून उठलेसुद्धा.

आई जागची हलली नाही. “वरून काय बघायचं त्याला? त्याच्यापुढे मान वर करायची असते.” आणि तिनं डोळे मिटून घेतले.

“अगं, हट्ट कसला हा? एवढ्यासाठीच आलो ना आपण?” मी रडकुंडीला आले होते. माझा काही संबंध नसताना तो मला दिसत होता, आणि हिला नको होता.

नवऱ्यानं समजूत घातली, “आई, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ की.”



सुट्टी संपवून अहमदीला परतलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी नेहमीसारखा चहा घेऊन अंगणात गेले, तर तिथे कोणीच नव्हतं. आई आत पलंगावर जागीच होती, भिंतीकडे तोंड करून.