माय म्हणायची, ‘ही ईट्स’

फाट्यावर लातूरची एसटी थांबली, तशी अण्णांनी आधी गॅसची शेगडी आत सरकवली, मग ज्वारीचं पोतं, मग मला आणि सगळ्यात शेवटी मायला. स्वतः खालीच राहिले. अण्णा म्हणजे माझे वडील. मायनं खिडकीतून सूचनांचा सपाटा लावला होता: शेळीला पाणी दाखवा, दाराला कडी घाला, सांजच्याला तुळशीपाशी दिवा लावा. अण्णा नुसती मान हलवत होते. बस हलली तेव्हा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "इंग्रजी पक्की कर. बाकीचं व्हतंय."

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला नांदेड. इकडच्यांना सांगायला नको, पण लांबच्यांसाठी सांगते. आमच्याकडं दहावीला बरे मार्क पडले की लेकराला लातूरला शिकायला ठेवतात. कुणी एकटं राहतं, कुणाची आई सोबत खोली करून राहते आणि बाप गावाकडं शेत बघतो. लातूरच्या गल्ल्याच्या गल्ल्या अशा मायलेकरांनी भरलेल्या. आम्हालाही तशीच एक खोली मिळाली. तिच्यात एक खिडकी होती आणि खिडकीतून शेजारणीची खिडकी दिसायची.

एकटी राहणारी पोरं गावाकडच्या डब्यावर जगायची. सकाळच्या गाड्यांतून डबे यायचे. कुणाच्या डब्याला लाल चिंधी, कुणाच्या कडीला सुतळी, कुणाचं नाव झाकणावर खिळ्यानं कोरलेलं. पोरं स्टँडवरून आपापला डबा उचलायची आणि सांजच्या गाडीनं रिकामा परत पाठवायची. आमच्या घरचा डबा मात्र उलटा जायचा. अण्णांना चहाशिवाय काही रांधता येत नव्हतं आणि तो चहासुद्धा शेजाऱ्यानं दुसऱ्यांदा मागितला असेल असं वाटत नाही. त्यामुळं माय पहाटे उठून भाकरी थापायची, डबा बांधायची, मी तो स्टँडवर नेऊन ड्रायव्हरकाकांच्या हवाली करायची. फाट्यावरच्या हॉटेलात डबा उतरायचा आणि अण्णा शेतातून येऊन घेऊन जायचे. शेजारीण हसायची. "तुमची गंगा उलटीच की वो," म्हणायची.

पण आमचा डबा परत येताना कधी रिकामा आला नाही. दुसऱ्याचं भांडं मोकळं देऊ नये, ही आमच्याकडची रीत. शेजारणीकडून वाटीभर कालवण आलं तर तिची वाटी गुळाचा खडा तरी ठेवूनच परत जाते. अण्णांनी ती रीत स्वतःच्या बायकोशीही पाळली. डब्यात कधी हरभऱ्याचे घाटे, कधी बोरं, कधी आंबाडीचा पाला. काहीच नसलं तर मूठभर शेंगा. माय झाकण उघडून आधी वास घ्यायची आणि म्हणायची, "खालच्या शेतात गेल्ते जनू."

माझं इंग्रजी म्हणजे सगळा आनंदच होता. शिकवणीतले सर कर्ता आणि क्रियापद जुळवायला शिकवत होते. ‘माझे वडील’ या विषयावर मी लिहिलं, ‘माय फादर इज अ फार्मर. दे वर्क इन द फील्ड.’ सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "तुला वडील किती?" वर्ग हसला. मी पण हसले, पण आतून पटलं नाही. अण्णांना ‘ही’ म्हणायचं म्हणजे अरे-तुरे केल्यासारखंच वाटायचं. आपल्याकडं अण्णा ‘आले’ आणि माय ‘आली’. सर म्हणाले, "बाप केवढाबी मोठा असू दे, इंग्रजीत तो एकच." आणि मग त्यांचं आवडतं वाक्य यायचं, "आधी कर्ता धरा. मधी कितीबी शब्द येऊ द्या, क्रियापद आपल्या कर्त्यालाच धरून ऱ्हातंय." ‘द बास्केट ऑफ मँगोज इज फुल’ हे आंब्यांच्या टोपलीचं वाक्य घेऊन आम्ही कितीतरी दिवस आंब्यांनाच भुलत राहिलो आणि टोपलीला विसरत राहिलो.

मी खोलीत मोठ्यानं घोकायची. आय ईट, यू ईट, वुई ईट, दे ईट, ही ईट्स, शी ईट्स. माय शेंगा फोडत ऐकत बसायची. एक दिवस म्हणाली, "बापाला येगळं आन् मायला येगळं न्हाई का त्येच्यात?"

"न्हाई. दोघांनाबी शेवटी यस लागतो."

"बरं हाय की मग," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "तुझे अण्णा आता जेवायले असतील. त्येला काय म्हनायचं?"

मी सांगितलं. त्या दिवसापासून घड्याळात एक वाजला की माय हातातलं काम थांबवायची आणि खिडकीकडं बघून म्हणायची, "ही ईट्स." मग स्वतःचं ताट वाढून घ्यायची. आपल्या नवऱ्याला ती आयुष्यात एकेरी बोलली ती इंग्रजीतच. तेव्हा थोडी लाजायचीसुद्धा.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी स्टँडवरून डबा आणला. मायनं झाकण उघडलं आणि वास घ्यायला वाकली. डबा घासून पुसून लख्ख होता आणि आत काही नव्हतं. एक शेंगसुद्धा नाही. मी म्हणाले, "विसरले असतील." माय म्हणाली, "ते इसरनारे न्हाईत." तिनं फोन लावला. अण्णा फोनवर म्हणाले, "बरं हाय, समदं बरं हाय." अण्णांचं फोनवर नेहमी बरंच असायचं. मायनं फोन ठेवला आणि डब्याकडं बघितलं. फोनवर तिचा विश्वास बसला नाही, डब्यावर बसला. मला शेजारणीच्या हवाली करून ती मिळेल त्या गाडीनं निघाली.

अण्णा तापानं फणफणले होते. हॉटेलातून डबा आणायला त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं होतं, जेवण तसंच ताटलीत काढून ठेवलं होतं आणि डबा धुऊन परत दिला होता, का तर लातूरला काही कळू नये. उठून शेतात जाण्याएवढं मात्र त्राण नव्हतं. मायला दारात बघून ते पहिलं काय बोलले असतील, तर, "तू कशाला आलीस? पोरगी एकटी हाय."

मायनं त्यांना अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. ताप उतरला तशी ती मला घेऊन जायलाच लातूरला आली. खोली सोडायची, शिक्षण गावाजवळ बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. मी रडले. मला लातूर सोडायचं नव्हतं आणि अण्णांना एकटं ठेवायची भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम खरं होतं. शेवटी अण्णांचाच फोन आला. मायला म्हणाले, "तू हिकडं ये. तिला तिथंच ऱ्हाऊ दे. डबा म्या पोचवतो फाट्यावर."

अशी आमची गंगा सरळ झाली. आता डबा गावाकडून यायचा, माझ्यासाठी. परत पाठवताना त्यात काय ठेवावं याचा मला रोज प्रश्न पडायचा, कारण लातूरच्या खोलीत काय पिकतं? कधी फुटाणे ठेवायची, कधी खारी, कधी गल्लीतल्या झाडाची चाफ्याची फुलं. दुपारी एक वाजता माय फोन करायची आणि फक्त म्हणायची, "दे ईट." दोघं जेवायला बसली, असं तिला म्हणायचं असायचं; तिथं ‘वुई’ हवं, हे मी कधी सुधारलं नाही. मागून अण्णांच्या खोकल्याचा आवाज यायचा. लातूरच्या त्या सगळ्या काळात मला शांत झोप लागली ती त्यानंतरच.

डॉक्टर काही मी झाले नाही. सगळं लातूर डॉक्टर व्हायला निघालेलं, त्यात मी इंग्रजीची बाई होऊन नांदेडला आले. संसार इथंच झाला. वर्गात आंब्यांची टोपली आली की पोरं अजून आंब्यांनाच भुलतात आणि मी सरांचं वाक्य सरांच्याच सुरात म्हणते. एखाद्या पोरीनं वडिलांसाठी ‘दे’ लिहिलं तर लाल रेघ ओढते, पण वडील किती म्हणून विचारत नाही.

अण्णा गेले. मायला म्हटलं, नांदेडला चल. ती म्हणाली, "तिथं येऊन म्या काय करू? हितं मला शेत हाय, फाटा हाय." तिनं रांधणंच सोडलं होतं. एकटीसाठी कुठं चूल पेटवायची, म्हणून शेजारून आलेली भाकरी चहात कुस्करून खायची. मग मी डबा सुरू केला. सकाळी नांदेडहून निघणाऱ्या गाडीत देते, फाट्यावरच्या त्याच हॉटेलात उतरतो. आता हॉटेलवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो. पहिल्याच दिवशी मायनं फोन करून बजावलं, "फोनवर म्या बरंच सांगनार, तुझ्या अण्णावानी. तू डबा बघ. त्येच्यात कायतरी असंल तवर म्या हाय. मोकळा आला की निघ."

इथं लोक विचारतात, मॅडम, तुमचं घर कुठं? नांदेडचा पत्ता सांगते, तो खोटा नाही. पण रोज संध्याकाळी स्टँडवर उभी राहून डब्याचं झाकण उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. काल करडईची भाजी होती, मुळांना माती तशीच. मी तिथंच वास घेतला. खालच्या शेतात गेली होती. या वयात, गुडघे धरत.

दुपारी एक वाजता स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डबे उघडतात. मी खिडकीकडं बघते आणि मनातल्या मनात म्हणते, ‘शी ईट्स.’ मग माझा घास घेते.