घोड्याच्या पोटातलं बूच

एर्कोलेचं सगळं आयुष्य रोममधल्या एकाच ओतशाळेत गेलं. कांस्यमूर्तींचे सांधे तो असे घासून मिटवायचा की बोट फिरवलं तरी लागू नयेत. राष्ट्रीय स्मारकाच्या माथ्यावरच्या रथाचे घोडे ओतून झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळे कारागीर एका अवाढव्य पोकळ घोड्याच्या पोटात शिरून जेवले. भाजलेलं कोकरू, फ्रास्कातीची वाईन, वर बेसूर गाणी. पोटाच्या तळाला एक भोक होतं, त्यातून गार वारा येत होता. ओतशाळेचा मालक सोर ताद्देओ कुरकुरला, "कंबर धरली रे माझी." एर्कोलेने बाटलीचं बूच घेतलं आणि दिलं भोकात ठोकून.

पोटाचं झाकण बंद झालं, घोडे माथ्यावर चढले आणि पाऊस लागला. आठवडा झाला तरी थांबेना. एके दुपारी सूप ओरपताना एर्कोलेचा चमचा हवेतच राहिला. ते भोक झिरपलेलं पाणी निघून जायला होतं! आता पाणी साठणार, हिवाळ्यात गोठणार आणि घोडा तडकणार. आयुष्यभराचं नाव एका बुचापायी मातीत.

"मीठ जास्त झालं?" बायकोने, आस्सुंताने विचारलं.

"मीठ नाही गं, मी माती खाल्ली." त्याने सगळं सांगितलं.

"मग बसलास काय? जा, कबूल कर." तिने खणातून बूच काढायचा स्क्रू काढून त्याच्या हातात कोंबला. "आणि हा घेऊन जा, शहाण्या."

बूच आपण ठोकलं एवढंच त्याने मालकाला सांगितलं. कुणासाठी, ते नाही.

"गाढवा!" म्हणत सोर ताद्देओने कोट चढवला. दोघं स्मारकाच्या माथ्यावर चढले. एर्कोले भिजत घोड्याखाली उताणा झाला, स्क्रू फिरवला, दात-ओठ आवळून ओढला. बूच निघालं आणि हिरवट पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर आली. तो हलला नाही. जीव भांड्यात पडला होता. पाणी संपेपर्यंत तो तसाच हसत पडून राहिला.

सोर ताद्देओने घोड्याचं पोट चाचपलं. कुठे तडा नव्हता. मग खाली वाकून तो हळूच म्हणाला, "कंबर माझी धरली होती, हे का नाही बोललास?"

"कंबर तुमची, सोर ताद्देओ. बूच माझं."

मालकाने हात देऊन त्याला उठवलं आणि आपला कोट त्याच्या खांद्यावर टाकला. "चल, आस्सुंताला म्हणावं मलाही सूप वाढ."